कुबडीची पोरं

फोन आला तेव्हा रिपेका बूट धूत होती. दरीत शिरायचं तर बूट धुवायचे, दरीतून निघायचं तर पुन्हा धुवायचे. तळव्यांच्या खाचांतली माती ब्रशने खरवडायची आणि मग औषधाच्या पाण्यात उभं राहायचं. कौरीच्या झाडांना लागलेला रोग मातीत राहतो, आणि माती काय, माणसाच्या बुटाला, कुत्र्याच्या पंजाला, रानडुकराच्या खुराला चिकटून पाहिजे तिथे जाते. इतकी वर्षं हे करून रिपेकाला आता स्वतःच्या स्वयंपाकघरात जातानाही उंबऱ्यावर पाय आपटायची खोड लागली होती.

फोन ग्वेनिथचा होता. ग्वेनिथ शहरातल्या संशोधन केंद्रात झाडांच्या रोगांवर काम करायची. गोरी, म्हणजे पाकेहा. दरीतले लोक पाकेहांना चहा देत, हसून बोलत आणि ते गेले की चमचे मोजत. पण रिपेका तिला 'आमची पाकेहा' म्हणायची, आणि रिपेकाच्या तोंडून हे काही थोडंथोडकं कौतुक नव्हतं.

"रिपेका, बसली आहेस का?"

"बसण्यासारखी बातमी असेल तर थांब, बादली उलटी करते."

"एका झाडाची पोरं जगलीत."

रिपेकाने बादली उलटी केली नाही. ती तशीच ओल्या मोज्यांत उभी राहिली.

"बाकीच्यांची?"

"सगळी गेली. मातुआचीसुद्धा, रिपेका. मला वाईट वाटतं. पण सतरा नंबरची पोरं अजून हिरवीगार आहेत. मुळांत रोग शिरलाय, पण खोडापर्यंत चढलाच नाही. असं मी आजवर पाहिलेलं नाही. सतरा नंबर म्हणजे कुठलं झाड गं? मला आणखी बी हवंय. मिळेल तेवढं, पोतं भरून दे."

सतरा नंबर कुठलं झाड हे रिपेकाला आठवावं लागलं नाही. ब्रश तिने बादलीत टाकला.

"ते झाड आता नाही," ती म्हणाली. "मी पाडलं."

दरीतल्या मोठ्या झाडांना नावं होती, माणसांना असतात तशी. सगळ्यांत मोठा मातुआ, म्हणजे बाप. तो वरच्या सपाटीवर उभा होता. डझनभर माणसांनी हातात हात धरले तरी त्याचा बुंधा कवेत येत नसे, आणि आपल्या पूर्वजांची होडी किनाऱ्याला लागली त्याच्याही आधीपासून तो आहे असं सगळे सांगत. मराएवर, म्हणजे गावाच्या सभाघरात, कोणी बोलायला उठलं की आधी मेलेल्यांना नमस्कार, मग मातुआला, आणि मग जिवंतांची पाळी. कुबडीला मात्र कोणी नाव दिलेलं नव्हतं. 'कुबडी' हे काही नाव नव्हे, ती नुसती टिंगल. ती खाली दलदलीच्या काठावर होती. लहानपणीच कशाने तरी मोडून वाकलेली, पाठीवर पोक काढून पुन्हा वर गेलेली. आजोबांच्या काळात करवतवाले आले तेव्हा त्यांनी दरीतली सरळसोट झाडं निवडून निवडून नेली. शहरातली किती घरं आणि किती जहाजांच्या डोलकाठ्या त्या झाडांच्या. कुबडीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, कारण तिच्यातून एक धड फळी निघाली नसती.

रिपेका तरी वेगळं काय करत होती? गावाची रोपवाटिका वीस वर्षं तिच्याकडे होती. दरवर्षी रोपं हातभर झाली की ती वाफ्यांवरून फिरायची. जे सरळ ते ठेवायचं, जे वाकडं किंवा खुरटं ते उपटून टाकायचं. करवतवाल्यांना शिव्या घालता घालता ती त्यांचंच काम पुढे नेत होती. हे तिला फोन आला त्या दिवशी कळलं, आणि त्या दिवशी कळून काही उपयोग नव्हता.

बी मागायला ग्वेनिथ पहिल्यांदा आली होती तेव्हा सभाघर भरलं होतं. तिने सरळ सांगितलं होतं. "झाड हजार वर्षं जगतं म्हणून आपल्याला ते बळकट वाटतं. पण रोगाच्या पिढ्या दिवसांत होतात. झाडाची एक पिढी होते तोवर तुमच्या दहा होतात. रोग बदलत जातो आणि झाड जन्मलं तसंच उभं राहतं. त्याला बदलता येतं ते फक्त पोरांत. प्रत्येक बी निराळं असतं. एका आईच्या पोरांत काहीतरी असेल, दुसरीच्या नसेल. बाहेरून ते दिसत नाही. रोग पाजून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

"म्हणजे आमची पोरं मारून बघणार," कोरो होहेपा म्हणाला होता. कोरो म्हणजे आजोबा. दरीतला तो सगळ्यांत जुना माणूस, आणि त्याचा शब्द सहसा शेवटचा असे.

"हो," ग्वेनिथ म्हणाली. "बहुतेक सगळी मरतील."

त्या 'हो'मुळेच रिपेका तिच्या बाजूने उठली. खोटं बोललेले पाकेहा तिने पुष्कळ पाहिले होते. बी द्यायचं, ती म्हणाली, पण एका अटीवर. परीक्षा संपली की आमचं एकही पोर मागे ठेवायचं नाही. मेलेलं असो, जिवंत असो, जाळायचं आणि राख आमच्याकडे आणून द्यायची. कोणाच्या फडताळात आमची पोरं नकोत. उद्या त्यांची कलमं करून, त्यांवर कोणा कंपनीचं नाव लावून आम्हालाच विकायला आणाल. तिच्या आजीच्या औषधी पाल्याचं असंच झालं होतं. तो पाला आता शहरात डबीत मिळायचा आणि डबीवर भलत्याचंच नाव होतं. सभाघर तिच्यामागे उभं राहिलं. तिचं बोलणं संपल्यावर बायकांनी तिच्यासाठी गाणं म्हटलं, आणि त्या दिवशी रिपेकाला आपण फार मोठं काम केलं असं वाटलं.

केरेआमा, तिचा भाचा, दोर लावून झाडांवर चढला आणि फळं फुटायच्या आत बी काढून आणलं. नाव असलेल्या सगळ्या झाडांचं. आणि वीसबावीस तरी हवीत असं ग्वेनिथ म्हणाली म्हणून काही बिननावाच्यांचंही. कुबडी त्यांतली एक. तिच्यावर चढायला दोरही लागला नाही, पोकावर पाय देऊन तो वर गेला आणि उतरल्यावर म्हणाला, "म्हातारी फार सोयीची आहे."

पुढच्या वर्षी दलदलीकडची झाडं एकामागून एक पिवळी पडली. शेंडे वाळले, बुंध्यांतून डिंक गळायला लागला. मधोमध एकटी कुबडी हिरवी. लोक हसायचे. "रोगालासुद्धा ती नको झाली," म्हणायचे. रिपेकाही हसायची.

मग मातुआचा प्रश्न आला. त्याला बघायला लोक येत, आणि रोग वर चढायच्या आत त्याच्या मुळांवरून माणसांचे पाय उचलायला हवे होते. लाकडी वाट बांधायची ठरली, खांबांवर उचललेली. पण लाकूड कोणतं? दुकानातल्या लाकडाला कीड लागू नये म्हणून विष पाजलेलं असतं. ते पावसाने मुळांत उतरलं असतं. दलदलीतली मेलेली झाडं होती, पण रोगाने मेलेल्याचं लाकूड मातुआच्या पायांशी घालायचं हे कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मयताच्या पेटीची लाकडं कोणी पाळण्याला वापरतं का? तेव्हा जिवंत झाड हवं होतं, दरीतलंच, मातुआच्या नात्यातलं. आणि ज्याच्यावाचून कोणाचं काही अडणार नाही असं.

सभा घ्यायची तर सगळा उन्हाळा गेला असता. अर्धे पुरुष मासेमारीच्या बोटींवर होते, कोणी मेंढ्यांची लोकर कापायला दक्षिणेला. पावसाळा तोंडावर होता. रिपेकाने सरकारी परवाना खेटे घालून मिळवला, पहाटे जंगलाच्या देवाची, तानेची, रीतसर प्रार्थना केली आणि केरेआमाला करवत आणायला सांगितलं. कुबडी वाकडी होती, पण छोट्या छोट्या फळ्या करायच्या म्हटल्यावर पुरली. वाट सुंदर झाली. मधासारखा रंग.

पुढच्या सभेत होहेपाने काठी जमिनीवर आपटली. "रिपेका, कोणाला विचारलंस?"

"तानेला विचारलं."

"तो माझ्याही ओळखीचा आहे. आम्हाला विचारलंस का?"

रिपेकाने परवान्याचा कागद पुढे केला.

"झाड वाकडं होतं, मान्य. माझी पाठही वाकडी आहे. उद्या मलाही पाडशील."

सगळे हसले, आणि त्या हसण्यानेच रिपेका मेली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. कितीतरी दिवस त्या वाटेवर गावातलं कोणी चाललं नाही. पाहुणे चालायचे, आपली माणसं बाजूने बघायची. त्या दिवशी रिपेकाने कानाला खडा लावला: पुन्हा एकटीने काही ठरवायचं नाही. गावाचं ते गावाला विचारून.

'पाडलं' हे ऐकल्यावर फोनवर ग्वेनिथ कागद चाळताना ऐकू आली. मग हळूच म्हणाली, "ठीक आहे. आई नाही, पण पोरं आहेत. सात रोपं."

"ती रोगट मातीतली. ती दरीत आणता येतील का?"

"ती नाही. पण रोग मुळांत आहे, शेंडे स्वच्छ आहेत. शेंडा कापून लावला तर नवं झाड होईल. मात्र मधलाच शेंडा हवा, बाजूची फांदी लावली तर ती आयुष्यभर आडवीच वाढते, झाड होत नाही. म्हणजे सात शेंडे. त्यांतले सगळे जगणार नाहीत. पण ऐक, ही काचेची खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे, आणि तुमची अट आहे, परीक्षा संपली की जाळायचं. तोपर्यंत माझ्या हातात आहे, पुढे नाही. करारावर तुझं नाव आहे. तू आत्ता 'हो' म्हण. उद्या सकाळी मी शेंडे कापते."

'हो' रिपेकाच्या दातांपर्यंत आला होता. एवढंसं अक्षर. तिला सभाघर दिसलं, होहेपाची काठी दिसली, सगळ्यांचं ते हसणं ऐकू आलं. आणि खरं सांगायचं तर नुसतं हसण्याचं भय नव्हतं. एकटीने ठरवलं म्हणून आई गेली होती. पोरांचंही आता एकटीनेच ठरवायचं, तेही जी अट तिने स्वतः सगळ्यांकडून मान्य करून घेतली तीच मोडून?

"सगळ्यांना विचारून सांगते," ती म्हणाली.

"नक्की ना?"

"आमच्याकडे असंच असतं, ग्वेनिथ."

"माहीत आहे," ग्वेनिथ म्हणाली. "तुझ्याकडूनच शिकले."

दुपारी ती केरेआमाला घेऊन दलदलीकडे गेली. कुबडीचा बुंधा कमरेएवढा उरला होता, वर डिंकाचा पिवळा थर जमून कडक झाला होता. दोघं गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत राहिले. एखादं बी रुजलं असेल, एखादं बोटभर रोप. रानडुकरांनी सगळी माती नांगरल्यासारखी उलटीपालटी केली होती. दोन रोपं सापडली; दोन्ही पिवळी, दुसऱ्या कोणाची तरी. केरेआमाने त्यांच्या पानांवरून बोट फिरवलं आणि हात पुसला.

"आंटी, तू 'हो' म्हणून टाक ना. कोण नाही म्हणणार आहे?"

"हिला पाडायचं म्हटल्यावरही तू असंच म्हणाला होतास. पाडून टाकू, कोण विचारतंय."

केरेआमाचा चेहरा पडला. त्याने करवत धरली होती, पण शब्द तिचा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. "तेव्हा मला वाटलं तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला. रिपेकाला त्याचा हात धरावासा वाटला. पण दोघांचे हात चिखलाने माखले होते, आणि धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही ही सवय.

होहेपा आजारी होता. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं, मांडीवर मांजर. त्याची लेक इहिपेरा, मराएच्या स्वयंपाकघराची मालकीणच ती, दारात वाम सोलत बसली होती. रिपेकाने सगळं सांगितलं.

होहेपाने डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडला.

"या वेळी विचारायला आलीस वाटतं."

"आले, कोरो."

"बरं झालं. शनिवारी सभा घेऊ. सगळ्यांसमोर विचार."

"तुम्ही काय म्हणाल तेवढं आज सांगा. मग मी..."

"शनिवारी," तो म्हणाला. "मला घाई करू नकोस. मी काही कुठे जात नाहीये."

इहिपेरा हसली. रिपेकाही हसली. शनिवार लांब नव्हता, आणि महिनाअखेर त्याच्याही पलीकडे होती.

होहेपा गुरुवारी गेला.

त्याला सभाघरात आणलं, उघड्या पेटीत, पूर्वजांच्या तसबिरींखाली. बायका काळ्या कपड्यांत दोन्ही बाजूंना बसल्या. बसगाड्या भरून माणसं यायला लागली. दारातून रडत आत येणारी, आणि आतून रडत त्यांना बोलावून घेणारी. ही तांगी, म्हणजे मेलेल्याला निरोप द्यायचे दिवस; आणि तांगी म्हणजे तांगी. मृत माणूस घरात असेपर्यंत दुसरं काही नाही. त्याच्याशी बोलायचं, त्याच्याविषयी बोलायचं, त्याच्यावर रागवायचं असेल तर तोंडावर रागवून घ्यायचं. जमिनीचे वाद, पैशाचे हिशेब, परिषदेच्या निवडणुका, सगळं कुंपणाबाहेर. रिपेकाच्या पिढीची माणसं तर फोनसुद्धा घरीच ठेवून येत. तिनेही ग्वेनिथला 'मयत झालंय, नंतर बोलते' एवढं कळवलं आणि फोन बंद करून कपाटात टाकला.

होहेपाचा मुलगा ऑस्ट्रेलियात खाणीवर होता. त्याला विमान मिळेना. दफन एक दिवस पुढे गेलं, मग आणखी एक. रिपेका स्वयंपाकघरात रताळी सोलत होती. डोंगर सोलला तिने. मनात सात शेंडे. हात चालत होते आणि मन त्या काचेच्या खोलीत फिरत होतं: पाणी घातलं असेल ना, ऊन लागत असेल ना. एकदा ती इहिपेराशेजारी भांडी धुवायला उभी राहिली.

"इहिपेरा, ते रोपांचं..."

इहिपेराने साबणाचे हात तसेच वर धरले. डोळे रडून सुजलेले. "माझा बाप तिकडे झोपलाय गं."

"हो. चुकलं माझं."

"बोल तू. पण त्यांना माती दिल्यावर."

रिपेकाला इतकी लाज वाटली की ती मागच्या दाराने बाहेर जाऊन कचऱ्याच्या पिंपांपाशी उभी राहिली. झाडांचं काय एवढं? माणूस गेला आहे. असं स्वतःला सांगितलं, आणि ते सांगताना आपण खोटं बोलतोय हेही तिला कळत होतं.

मुलगा आला. होहेपाला टेकडीवर पुरलं. परतल्यावर हात धुऊन सगळे मोठ्या जेवणाला बसले: डुकराचं मांस, शिंपले, वाम, रताळी, तळलेला पाव. रडून झालेली माणसं खूप जेवतात आणि खूप हसतात. रिपेका दोनदा खुर्चीवरून अर्धी उठली. पण एका कोपऱ्यात गाणं सुरू झालं, दुसरीकडे होहेपाच्या गमती, आणि मुलगा बापाची नक्कल करत काठी आपटत होता. इहिपेराने तिच्याकडे पाहिलं, समजली, आणि जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"सकाळी. बसेस गेल्या की आपली आपणच उरतो. तेव्हा बोल, मी आहे."

उद्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. अख्खा दिवस आहे, रिपेकाने हिशेब केला. सकाळी विचारायचं, लगेच फोन करायचा, ग्वेनिथ दुपारपर्यंत शेंडे कापेल. बसेल.

सकाळी बसेस गेल्या. गाद्या उन्हात पडल्या होत्या. घरची माणसं स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी चहा आणि कालचा पाव घेऊन बसली. रिपेका उभी राहिली. भाषण तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं: अट कशी तिचीच होती, ती का मोडायला हवी, कुबडी पाडण्यात ती कशी चुकली, तिला का क्षमा नको पण पोरांना का हवी. तिने सुरुवात केली, "ग्वेनिथच्या खोलीत सात रोपं जिवंत आहेत. कुबडीची. शेंडे कापून नवी झाडं करता येतील, पण आपली अट..."

"मग कापायची!" टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

"कुबडीची? रोगाला पुरून उरली म्हातारी?"

"अगं, विचारायचं काय त्यात?"

"पण अट..." रिपेका म्हणाली.

"अट आपणच घातली, आपणच काढली," इहिपेरा म्हणाली. "कोणाची हरकत आहे? नाही. झालं. बस, चहा घे." मग ती हसायला लागली, बापाच्या आठवणीने, डोळ्यांत पाणी. "आणि तुला सांगते, बाबांचं तर त्याच दिवशी ठरलं होतं. तू गेल्यावर म्हणाले, 'हो'च म्हणायचंय तिला, पण शनिवारी म्हणणार. तोवर जरा लटकू दे."

सगळं टेबल हसलं. या वेळचं हसणं माये‌चं होतं. त्यांनी तिला परत घेतलं होतं, कुबडीसकट सगळं माफ करून. रिपेकाही हसली, डोळे पुसत बाहेर धावली. सकाळी घरून निघताना फोन तिने कपाटातून काढून खिशात टाकला होता. चालू केला तर ग्वेनिथचे न घेतलेले फोन एकाखाली एक दिसत गेले. ते न बघता तिने नंबर लावला.

"ग्वेनिथ! हो म्हणाले. सगळे हो म्हणाले. काप शेंडे."

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

"ग्वेनिथ?"

"भट्टी सकाळी पेटते, रिपेका." आवाज ग्वेनिथचा वाटत नव्हता. "आठ वाजता झालं. मी स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मयत तीन दिवसांत आटोपतं ना, म्हणून काल दिवसभर फोन करत होते. तुझं उत्तर नाही आलं तेव्हा मला वाटलं, गावाने नाही म्हटलंय आणि तुला ते सांगणं जड जातंय. मला दाबायचं नव्हतं तुम्हाला. आमच्या लोकांनी फार दाबलंय."

रिपेका भिंतीला टेकली. उन्हातल्या गाद्यांवर कोंबड्या चढल्या होत्या. त्यांना हाकलायला हवं एवढंच तिला काही वेळ सुचलं. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि तोंडाशी हात धरून, चोरासारखं विचारलं.

"एखादा ठेवलास का गं? कोणाला न सांगता? एखादा शेंडा... मी काही म्हणणार नाही. कोणी काही म्हणणार नाही. सांग ना, चोरलास का?"

"नाही, रिपेका." ग्वेनिथ रडत होती. "रात्री कात्री हातात घेऊन उभी होते मी तिथे. पण तुला शब्द दिला होता."

आजीचा पाला नेला तेव्हा कोणी शब्द पाळला नव्हता. जमिनी नेल्या तेव्हा नव्हता, झाडं नेली तेव्हा नव्हता. इतक्या पिढ्यांत एका पाकेहाने शब्द अक्षरशः पाळला, आणि रिपेका भिंतीला पाठ लावून मनातल्या मनात तिला ओरडत होती की तू पण चोर का नाही झालीस. ते तोंडातून निघालं नाही. "बरं केलंस," ती म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार.

"राख मी घेऊन येते. गवताच्या टोपलीत, तू सांगितलं होतंस तशी."

"ये."

आत तोपर्यंत जागेवरून वाद पेटला होता. केरेआमा सुरीने टेबलावर दरीचा नकाशा काढत होता; एक शेंडा दलदलीच्या काठावर, आईच्या जागी, हे नक्की, बाकीचे वर मातुआभोवती. कोणी म्हणत होतं नको, अजून चार वर्षं रोपवाटिकेतच राहू देत. इहिपेरा म्हणत होती, एक बाबांच्या थडग्यापाशी हवा, मग बाकीचं काय ते करा. रिपेका दारात येऊन उभी राहिली तशी कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली, कोणीतरी कपात चहा ओतला.

"आंटी, सातच्या सात देते ना ती?" केरेआमाने वर न बघता विचारलं. "की काही ठेवून घेतेय स्वतःला?"

रिपेकाने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. सगळे तिच्याकडे बघत होते, आनंदाने.